उसने शब्द

इंग्रजी भाषेने आपल्याला पुष्कळ काही दिले. आगगाडीचे वेळापत्रक दिले, कोर्टकचेरीतली भाषा दिली, क्रिकेटचे समालोचन दिले. पण या सगळ्यांबरोबर आणखी एक वस्तू तिने घरोघर पोचती केली, ती म्हणजे दुसऱ्याला हसण्याचे साधन. मराठी चुकणाऱ्याला आपण सहसा हसत नाही. 'येथे पीठ दळुन मिळेल' या पाटीवरचा ऱ्हस्व 'ळु' पाहून कुणाच्या पोटात दुखत नाही. पण त्याच रस्त्यावर एखाद्या उपाहारगृहवाल्याने 'स्नॅक्स'ऐवजी इंग्रजीत 'स्नेक्स' लिहिले की, आपण मित्राचा हात धरून त्याला ती पाटी दाखवायला नेतो, खिशातल्या फोनने तिचे छायाचित्र काढतो आणि संध्याकाळपर्यंत ते चार गावांतल्या नातेवाइकांना पाठवून मोकळे होतो. सापांची विक्री करणारा तो बिचारा गृहस्थ मात्र आत वडे तळीत असतो. वडे उत्तम असतात. पण ती गोष्ट छायाचित्रात येत नाही.

मला या गफलतींचा नाद आहे. कुणी काड्यापेट्यांवरची चित्रे जमवतो, कुणी जुनी नाणी जमवतो. मी इंग्रजी शब्दांच्या अदलाबदली जमवतो. लग्नपत्रिका, नोकरीचे अर्ज, हॉटेलांची भावपत्रके, सोसायटीच्या जिन्यातल्या सूचना ही माझी शिकारीची राने. बरीच वर्षे हा संग्रह केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणसे वाटेल तशी चुकत नाहीत. टेबलाला कुणी खुर्ची म्हणत नाही, की गायीला कुणी घोडा म्हणत नाही. चुकणाऱ्यांची गर्दी काही ठराविक शब्दांपाशीच होते. एखाद्या जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ठेच लागावी, तसे हे असते. अशा वेळी माणसांना धांदरट ठरवण्यापूर्वी उंबरा किती उंच आहे, हे एकदा वाकून पाहावे.

काही उंबरे तर खुद्द इंग्रजांनीच आपल्या घरात बांधून ठेवले आहेत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखान्यामुळे शब्दांची लिखित रूपे हळूहळू पक्की होऊ लागली. आणि मौज अशी की, नेमक्या त्याच काळात इंग्रजांचे उच्चार बदलत चालले होते. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे घोड्यावरचा सरदार. या सरदाराच्या पुढे आज जो मुका 'के' उभा असतो, तो एके काळी चांगला बोलका होता. 'सी' म्हणजे पाहणे आणि 'सी' म्हणजे समुद्र, यांचे स्वरही पूर्वी निराळे होते. पुढे उच्चार एक झाले आणि स्पेलिंगे मात्र वेगळी राहिली. भाडेकरू केव्हाच सोडून गेले. दारावरच्या पाट्या काही कुणी काढल्या नाहीत. १७५५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा थोर कोश आला, तेव्हा या पाट्यांना जणू रंग देऊन त्या आणखी पक्क्या करण्यात आल्या. तेव्हा आपल्या मुलाने 'सी'च्या स्पेलिंगात घोटाळा केला, तर त्याला रागावताना पाचशे वर्षांच्या इंग्रजांनाही थोडे रागवावे. न्यायाला धरून होईल.

कानाला अगदी एक आणि कागदावर दोन, अशा जोड्यांत 'प्रिन्सिपल'चा मान पहिला. शेवटी 'ए-एल' असेल तर तो मुख्य माणूस, म्हणजे कॉलेजचा प्राचार्य; शेवटी 'एल-ई' असेल तर ते तत्त्व. मूळ दोघांचे एकच. लॅटिनमध्ये 'पहिला, अग्रभागी असलेला' अशा अर्थाचा जो शब्द होता, त्याच्या कुळातले हे दोघे. पण एवढ्यावर भागत नाही. बँकेत कर्ज काढायला गेले की 'ए-एल'वाला हाच शब्द 'मुद्दल' या अर्थाने भेटतो, कारण व्याजाच्या तुलनेत मुख्य रक्कम तीच. म्हणजे ज्याला तत्त्व नाही त्याला मुद्दल देऊ नये, हे आपल्याकडचे व्यवहारज्ञान इंग्रजीत बोलून दाखवले, तर ऐकणाऱ्याला एकच शब्द दोनदा ऐकू येईल आणि सांगणाऱ्याची जीभ अडखळली असे वाटेल. शाळकरी मुलांसाठी एक सोपी खूण आहे. 'ए-एल'वाल्या शब्दाच्या शेवटी 'पॅल' लपलेला असतो. पॅल म्हणजे दोस्त. प्राचार्य हा दोस्त आहे असे समजायचे. खरे असो वा नसो, स्पेलिंग बरोबर येते.

दुसरी जोडी 'स्टेशनरी'ची. एका जागी स्थिर असलेले या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी 'ए-आर-वाय' येते, आणि कागद, पेन, लखोटे या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी 'ई-आर-वाय'. 'पेपर' या शब्दात 'ई' आहे, एवढे लक्षात ठेवले की काम होते. पण कागदाचा आणि स्थिरपणाचा संबंध काय, असा प्रश्न कुणी चौकस मूल विचारील. संबंध आहे. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते गावोगाव हिंडून माल विकीत. पुस्तके आणि लेखनाचे साहित्य विकणारे लोक मात्र विद्यापीठांच्या आसपास कायमचे दुकान मांडून बसत. एका जागी बसणारा म्हणून तो 'स्टेशनर', आणि त्याचा माल तो 'स्टेशनरी'. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ साली स्थापन झाला आणि १५५७ साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. या शब्दांच्या मुळाशी 'उभे राहणे' या अर्थाचा जो लॅटिन धातू आहे, तो आणि आपला संस्कृत 'स्था' हे सख्खे नातलग. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांची एवढी जवळीक योगायोगाची नव्हे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले होते. तेव्हा स्थानक, स्थिर, स्टेशन आणि कोपऱ्यावरचे वह्यापुस्तकांचे दुकान ही सगळी एका कुळातली. परक्या वाटणाऱ्या शब्दाचे गोत्र विचारावे ते यासाठी. कधी कधी ते आपलेच निघते.

दिवाळीच्या दिवसांत आठवावी अशी जोडी म्हणजे 'फ्लॉवर'. फूल या अर्थाचा शब्द आणि पीठ या अर्थाचा शब्द हे मुळात दोन नव्हतेच. दळलेल्या धान्यातला जो सर्वांत बारीक, सर्वांत उत्तम भाग, तो त्या धान्याचे फूल! म्हणून पिठाला फूल म्हणू लागले. अठरावे शतक उजाडेपर्यंत तरी त्यांच्या लिहिण्यात कडक भेद नव्हता; पुढे एकाच्या दोन पाट्या झाल्या. करंजीसाठी मैदा वस्त्रगाळ करणाऱ्या गृहिणीला हा अर्थ कुठल्याही कोशाशिवाय पटेल. आपण मात्र तिसराच मार्ग काढला. मराठी घरात 'फ्लॉवर आणला' म्हटले की तो देवाला वाहायचा नसतो, की त्याची पोळीही लाटायची नसते. त्याची बटाटा घालून भाजी करायची असते.

जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा शब्दही असाच फसवा. त्यात 'एस' दोन. वाळवंट या अर्थाच्या शब्दात 'एस' एकच. गोड पदार्थ दोनदा वाढून घ्यावासा वाटतो म्हणून दोन 'एस', ही खूण मुले विसरत नाहीत. वाळवंट 'डेझर्ट', त्याच्या उच्चारात जोर आरंभी; गोड पदार्थ 'डिझर्ट', त्यात जोर शेवटी. वाळवंटाचा शब्द 'टाकून दिलेली जागा' या अर्थावरून आला आणि गोडाचा शब्द 'पाने आवरणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. पाने आवरल्यावर जे येते ते डिझर्ट. आपल्याकडे श्रीखंड पहिल्या वाढपातच येते, त्यामुळे ही कल्पना आपल्या पंगतीला मुळातच परकी आहे.

हे झाले त्यांच्या घरातले उंबरे. यांना इंग्रजांच्या मुलांचीही ठेच लागते. पण माझ्या संग्रहाचा मोठा भाग निराळ्या जातीचा आहे. त्यातल्या चुका इंग्रजाच्या मुलाच्या हातून होणार नाहीत. त्या व्हायला माणूस मराठीच असावा लागतो.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ही जोडी इंग्रजांनाही छळते. पण आपल्याला ती जास्त छळते, याला कारण आहे. पावसाने पिकावर परिणाम केला. पावसाचा पिकावर परिणाम झाला. दोन्हीकडे आपला 'परिणाम' जागचा हलत नाही, केवळ शेजारचे क्रियापद बदलते. इंग्रजीत परिणाम करणे हे क्रियापद 'ए'ने सुरू होते आणि परिणाम हे नाम 'ई'ने. 'ॲक्शन'चा 'ए' आणि 'एंड'चा 'ई', म्हणजे आधी क्रिया आणि शेवटी फळ, असे ध्यानात ठेवावे. 'ई'वाला शब्दही क्वचित क्रियापद म्हणून येतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. बदल घडवून आणला असे लिहायचे असेल तर 'ई' हवा; तिथे 'ए' लिहिला तर बदल घडत नाही, उलट होत असलेल्या बदलावरच परिणाम होतो. सल्ल्याचेही तसेच. नाम असेल तर 'सी' आणि 'ॲडव्हाइस'. क्रियापद असेल तर 'एस' आणि 'ॲडव्हाइझ'. आपण मात्र सल्ला देतो, घेतो, मानतो, मोडतो. सल्ल्याचे रूप तेच राहते. इंग्रजीत त्याचे अनेकवचनही होत नाही. मराठीत सल्ले कितीही देता येतात, आणि देतातही.

'लूज' या शब्दाने तर आपल्याकडे मराठी नागरिकत्वच घेतले आहे. सदरा लूज झाला, स्क्रू लूज झाला. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द 'लूस' असा 'स'वर संपतो आणि त्यात दोन 'ओ' असतात. हरवणे किंवा हरणे या अर्थाचा 'लूझ' आणि त्यात 'ओ' एकच. आपण सैलपणाला हरण्याचा उच्चार दिला. मग लिहिताना हात गोंधळला तर त्यात हाताचा काय दोष?

आणि उसने! विरजण संपले, साखर संपली, पाहुणे दारात उभे राहिले की वाटी घेऊन शेजारी जायचे. आपण उसने देतो आणि उसने घेतो. वस्तू कुठल्या दिशेला गेली हे 'देणे' आणि 'घेणे' सांगतात. 'उसने' बिचारे मधल्या भिंतीवर बसून असते. इंग्रजीने दिशेप्रमाणे दोन स्वतंत्र क्रियापदे केली : देणाऱ्याचे 'लेंड', घेणाऱ्याचे 'बॉरो'. म्हणून वर्गात मराठी मुलगा 'मला पेन बॉरो कर' अशा अर्थाचे इंग्रजी बोलतो. पेन मिळते, कारण पेन देणारा मुलगाही मराठीच असतो. कर्जाच्या कागदावर मात्र 'लेंडर' कोण आणि 'बॉरोअर' कोण, हे सही करण्यापूर्वी नीट पाहिलेले बरे. तिथे दिशा चुकून चालत नाही.

अशी किती सांगू? झाडाखालची थंडगार सावली आणि संध्याकाळी आपल्यामागून लांबत जाणारी सावली, या आपल्याला एक. इंग्रजीत पहिली 'शेड' आणि दुसरी 'शॅडो'. खांद्यापासून नखापर्यंत आपला एकच हात आणि मांडीपासून तळव्यापर्यंत एकच पाय. इंग्रजी मनगटापाशी आणि घोट्यापाशी थांबून नावे बदलते. हाताचीही बोटेच आणि पायाचीही बोटेच, हे आपल्याला पुरेसे. इंग्रजीला पायाच्या बोटांसाठी 'टो' हा वेगळा शब्द लागतो. दार बंद, दुकान बंद, पंखा बंद, बोलणे बंद, हे सगळे आपण एका शब्दात उरकतो, म्हणून 'क्लोज द फॅन' जन्माला येते. विद्यार्थी उभा राहून 'आय हॅव अ डाउट' म्हणतो, कारण मराठीत न समजलेले विचारणे ही शंकाच. परदेशी प्राध्यापकाला मात्र वाटते की, या मुलाचा माझ्या बोलण्यावर विश्वासच नाही. तिथे 'क्वेश्चन' म्हणावे. शंकेचा आणखीही एक प्रकार मराठीत आहे, पण फराळाच्या दिवसांत त्याचा उल्लेख नको.

निरोप घेताना तर आपण 'येतो' म्हणतो आणि जातो. 'जातो' म्हणणे अशुभ, म्हणून परत येण्याचे वचन देऊन निघायचे. याच रीतीने आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. हे इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून नेले, तर उंबऱ्याबाहेर पडणारा पाहुणा 'मी येत आहे' असे सांगत दिसेनासा होईल. चूक खरीच. पण ही चूक व्हायला आधी केवढी माया लागते!

आमच्या शेजारी एक बाई राहतात. शिक्षण मराठी शाळेत, मुलगा इंग्रजी शाळेत. पालकांच्या सभेला त्या एकदा मोठ्या धीराने गेल्या आणि बाईंना इंग्रजीत म्हणाल्या की, हा घरी माझे मुळीच 'हिअर' करत नाही. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि वहीत शेरा लिहून दिला की, मुलाचे कान तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. ती गोष्ट वर्गात पसरली. मुलगा घरी येऊन पोट धरून हसला. त्याचे वडीलही हसले. बाईही हसल्या. पण त्यानंतरच्या दोन सभांना त्या गेल्या नाहीत. 'मला स्वयंपाक असतो,' असे म्हणू लागल्या.

पुढे कधीतरी जिन्यात त्यांनीच मला विचारले, "काका, मी म्हटलं त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं हो?" मी म्हटले, "तुम्ही 'ऐकत नाही' हे इंग्रजीत नेलंत. आपल्या 'ऐकणे'ला तीन खोल्या आहेत. कानावर पडणं ही पहिली, इंग्रजीत ते 'हिअर'. लक्ष देऊन ऐकणं ही दुसरी, ते 'लिसन'. आणि सांगितलेलं मानणं ही तिसरी, त्याला 'ओबे' म्हणतात. तुम्हाला तिसऱ्या खोलीत जायचं होतं, दार पहिल्या खोलीचं उघडलं." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं मराठी बरोबर होतं!" मी म्हटले, "मराठी बरोबर होतं, म्हणून तर इंग्रजी चुकलं." त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला : "तुला हिअर छान येतं रे बाबा. लिसन कधी येणार?" पुढच्या सभेला त्या गेल्या.

मला या विषयात जे सांगायचे आहे ते एवढेच. पुष्कळशा चुका या अज्ञानाच्या नसतात, त्या दुसऱ्या एका ज्ञानाच्या असतात. ज्याला 'ऐकणे' नीट येते, तोच 'हिअर'पाशी अडखळतो. याचा अर्थ चूक तशीच ठेवावी असा मुळीच नव्हे. औषधाच्या चिठ्ठीवर, कर्जाच्या कागदावर, नोकरीच्या अर्जावर योग्य शब्दच हवा. तिथे 'भावना पोचल्या' एवढे पुरत नाही. आता यंत्रे स्पेलिंग तपासतात आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतात. पण तत्त्वाच्या जागी मुद्दल आले, तर शब्द म्हणून ते शुद्धच असते, आणि रेघ कधी उमटते, कधी उमटत नाही. जाणता माणूस शेजारी लागतोच. प्रश्न आहे तो त्या माणसाने कसे सांगायचे, हा.

कारण इंग्रजी आता कुणाला टाळता येत नाही. आधीच्या पिढ्यांना ती पाचवीत, आठवीत अशी उशिरा भेटे, आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती धरून त्या पिढ्या तिच्याशी ओळख करून घेत. त्या पाठमालेचा एक गुण असा की, ती मराठीकडून इंग्रजीकडे आणि इंग्रजीकडून मराठीकडे अशी दोन्ही वाटांनी चालवीत असे. दोन भाषांची माप-तुला समोरासमोर दिसे. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. ज्या घरांत या भाषेचा एकही शब्द पूर्वी आला नव्हता, तिथे आता सहा वर्षांचे मूल 'ए फॉर ॲपल' म्हणते आणि आजी कौतुकाने ऐकते. हे चांगलेच झाले. पण त्याच मुलाने पुढे आठदहा वर्षांनी आजीच्या तोंडच्या इंग्रजी शब्दाला हसावे, आणि आजीने बोलणे कमी करावे, हे काही चांगले झाले नाही.

दुसऱ्या बाजूनेही हाच खेळ चालतो, हे मुलांना सांगायला हवे. मोल्सवर्थसाहेबांनी पंडितांच्या साह्याने शब्द वेचून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. मधल्या काळात, १८४७ साली, त्यांचा आणि कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश आला. एवढ्या कष्टांची गरज का पडली? इंग्रजालाही इथे पावलोपावली ठेच लागत होती म्हणूनच! 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' यांतले दोन 'ज' त्याच्या कानाने कसे ओळखावेत? पाण्यात आणि पाणीत, म्हणजे जळात आणि हातात, फरक काय हे त्याला कुणी सांगावे? 'परवा' म्हणजे गेलेला दिवस की येणारा, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही, ही गोष्ट वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसाला कशी सोसावी? आपली इतकी शुद्ध-अशुद्धाची भाषा. पण तिच्या लेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली, तरी 'दिन' आणि 'दीन' यांची अदलाबदल आजही शुभेच्छापत्रांवर होतेच. वाढदिवसाला 'जन्मदीन' लिहून धाडणारे पुष्कळ आहेत, आणि लिफाफ्यात काही न घालता धाडले तर शब्द सार्थही होतो.

कधी कधी मराठी सरसही ठरते. इंग्रजीतला 'बायमंथली' हा शब्द महिन्यातून दोनदा निघणाऱ्या नियतकालिकाला लावावा की दोन महिन्यांतून एकदा निघणाऱ्याला, याचा निकाल लागलेला नाही. कोश दोन्ही अर्थ देतात. आपल्याकडे पाक्षिक ते पाक्षिक आणि द्वैमासिक ते द्वैमासिक. आणि शेजारधर्म म्हणून वाटी भरून परत करावी, तसे आपले शब्दही तिकडे गेले आहेत. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी मुंगसाचा. 'गूस'चे अनेकवचन 'गीझ' होते, मग 'मंगूस'चे 'मंगीझ' होत असेल का, असा घोळ कित्येक इंग्रजांच्या मनात होतो. होत नाही, 'मंगूसेस' असे साधेच होते. आपले मुंगूस तिकडच्या बदकांच्या कुळातले नव्हे, हे त्यांना कुणीतरी सांगावेच लागते. आणि सांगणारा हसला नाही, तर त्यांनाही बरेच वाटत असेल.

इंग्रजी शिकलेल्या माणसाला मराठीत एक शब्द मात्र हेव्याने पाहावासा वाटेल. 'आम्ही' आणि 'आपण', दोन्हींना इंग्रजीत एकच 'वी'. ऐकणारा त्या 'वी'मध्ये आहे की बाहेर, हे इंग्रजीत शब्दावरून कळत नाही. मराठीत पहिल्याच शब्दाला कळते. 'आम्ही फराळाला बसतो आहोत,' असे कुणी म्हटले तर पाहुण्याने चपला पायात घालाव्यात. 'आपण फराळाला बसू या,' म्हटले तर त्या काढून ठेवाव्यात. मराठी शिकणारे परके लोक नेमके इथे चुकतात, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला आमंत्रण द्यायचे असताना 'आम्ही जेवतो' असे सांगून बसतात.

आपल्याला हा भेद जन्मजात येतो. मग कुणाचे इंग्रजी सुधारताना आपण तो का विसरतो, कळत नाही. यंदा घरी चार माणसे जमतील. कुणी मावशी 'आता डेझर्ट खा' म्हणेल, कुणी आजोबा नातवाला 'तुझे पेन बॉरो कर' म्हणतील. योग्य शब्द कोणता ते जरूर सांगावे. तो शब्द का चुकला, हेही सांगावे, म्हणजे दोन्ही भाषा थोड्या थोड्या कळतील. फक्त सांगणाऱ्याने 'आम्ही'मध्ये उभे राहून सांगू नये. 'आपण' म्हणून शेजारी बसावे, चकलीचा एक तुकडा मोडावा आणि मग सांगावे.